मनगट, कोपर, खांदा

आगरवाड्याच्या मिठागरात, एप्रिलच्या उन्हात,
सगुण माझ्या राशीपाशी गुडघे टेकून बसला
आणि खिशातून शाळकरी कोनमापक काढला.
मधोमध दोरा, दोऱ्याला खिळा.
"छत्तीस," म्हणाला.
काय छत्तीस?
"उतार. तिसाच्या खाली सहसा सुटत नाही.
पंचेचाळिसाच्या वर साठतच नाही, आपसूक झडत राहतो.
मधला वाईट. मधल्यावरून वाट काढावीशी वाटते."

एकवीस वर्षं मी फळ्याने मीठ ओढते.
राशीला कोन असतो हे हाताला ठाऊक होतं,
आकडा नव्हता.

मग तो बर्फाचं सांगत बसला, मी विचारलंही नव्हतं.
बर्फ म्हणजे एक वस्तू नव्हे, बाय.
रद्दीसारखा असतो. तळाला नोव्हेंबर,
त्यावर एखादी मोकळी, चांदण्यांची, फार थंड रात्र,
त्यावर वाऱ्याने आणून थापलेला कडक पापुद्रा.
वर फूटभर नवा, पांढराशुभ्र, निरागस.
तळाला जमिनीची ऊब लागते, वरून थंडी ओढते,
आणि मधे कुठेतरी दाणे एकमेकांना सोडतात.
टपोरे होतात. कोनदार. कोणी कोणाला धरत नाही.
त्याने माझं मीठ मुठीत घेतलं, बोटांतून सोडलं.
"हे असं. ह्याच्यावर आम्ही उभे."

मला थोडा रागच आला.
असं टपोरं, सुटं मीठ पिकवायला आमच्या टाचा फुटतात.
बाजारात त्यालाच मोल.

राशीच्या कडेला त्याने चौकोनी खांब कापून मोकळा केला,
वर फावडं सपाट ठेवलं.
दहा थापा मनगटातून,
दहा कोपरातून,
दहा खांद्यातून.
कितव्या थापेला सुटतं, ते वहीत लिहायचं.
माझं मीठ मनगटातल्या तिसरीलाच बसलं
आणि तो हसला. फाल्गुनात घरी आल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून मी धीर केला.
त्या दिवशी कितवी होती रे?

मानशीच्या फळीखालून भरतीचं पाणी
कोंडीत शिरत होतं, तेवढाच आवाज.
त्याने फावडं पुसलं. पुसलेलं पुन्हा पुसलं.
"बारा. कोपरातली दुसरी.
वहीत आहे, थिनलासच्या अक्षरात."
मग?
"वरच्या ठाण्यावर रॉकेल संपलं होतं."

चौघे होते. पन्नास पन्नास पावलांचं अंतर राखून.
आवाज मोठा नसतो म्हणे,
भरल्या गोणीवर कोणी धपकन बसावं तसा, हुफ्,
आणि पायाखालून एक रेघ पळत जाते, दूरवर,
उंदीर पळावा तशी.
पंधरा मिनिटं असतात हातात.
ह्यांना एकोणीस लागली.
थिनलासच्या तोंडापुढे वाटीएवढी पोकळी होती
आणि तिच्या आतून काच धरलेली.
त्याच्याच श्वासाने वितळून पुन्हा गोठलेली.
"फोडली मी ती," सगुण म्हणाला, "अंगठ्याने.
पातळ होती गं."

ह्यावर काय बोलतात, मला येत नाही.
चुडतं आणायची राहिली आहेत, एवढंच म्हटलं.
तो उठला आणि आणायला गेला.

रात्री तो ओसरीवर भिंतीकडे तोंड करून झोपतो.
झोपतो म्हणजे पडतो.
आई आगरात असायची तेव्हा ह्याला मीच निजवायची,
मी नऊ वर्षांची, हा सहा महिन्यांचा,
पाठीवर थापा द्यायच्या, मनगटातून,
हा निजेपर्यंत, मोजायचं वगैरे काही नाही.

काल जाऊन बसले त्याच्याशेजारी.
केवढी रुंद झाली आहे पाठ.
हात ठेवला. थापटायला लागले,
आणि माझ्याही नकळत मोजायला लागले.
आठ. नऊ. दहा.
अकरा.
हात वरच राहिला.

"थांबू नको," भिंतीकडून आवाज आला.